एकस्वाच्या परीक्षेतील दाव्याचे वाक्य
बॅटरीच्या विद्युत् अग्राचा नमुना तयार करणाऱ्या साधनाच्या उदाहरणावरून एक विवेचन

१. विषयप्रवेश

एकस्व म्हणजे ज्याला व्यवहारात पेटंट म्हणतात ते. शोधकाने आपला शोध पूर्णपणे उघड करावा आणि त्याच्या मोबदल्यात शासनाने ठरावीक काळपर्यंत इतरांना त्या शोधाच्या वापरापासून रोखण्याचा अधिकार त्याला द्यावा, असा हा एक प्रकारचा करार होय. भारतात या अधिकाराची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांची आहे. अधिकार म्हटला की त्याची हद्द आली. जमिनीची हद्द दगड रोवून दाखविता येते. शोधाची हद्द मात्र शब्दांनीच आखावी लागते. ही हद्द आखणारे जे वाक्य अर्जाच्या अखेरीस येते त्याला ‘दावा’ म्हणतात. मराठीत ‘दावा’ या शब्दाला न्यायालयातील फिर्यादीचाही अर्थ आहे; प्रस्तुत लेखात तो अर्थ अभिप्रेत नाही.

एकस्वाची परीक्षा म्हणजे यंत्राची परीक्षा, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. परीक्षकाच्या मेजावर बहुधा यंत्र नसतेच. असतात ती वर्णनाची पाने, काही आकृत्या आणि दाव्याचे वाक्य. यंत्र चांगले चालते की नाही यापेक्षा हे वाक्य काय सामावून घेते आणि काय वगळते, यावर अर्जाचे भवितव्य अधिक अवलंबून असते. म्हणूनच हा विषय जितका विधिज्ञाचा आणि यंत्रज्ञाचा, तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. एक लहानसे साधन उदाहरणादाखल घेऊन हे वाक्य परीक्षेतून कसे जाते, हे येथे पाहावयाचे आहे.

२. साधन आणि त्याची गरज

लिथियम-आयन बॅटरीत दोन विद्युत् अग्रे असतात. प्रत्येक अग्र म्हणजे धातूचा एक अतिशय पातळ पत्रा व त्यावर चढविलेला लेप. ऋण अग्रासाठी तांब्याचा आणि धन अग्रासाठी ॲल्युमिनियमचा पत्रा वापरतात. या पत्र्याची जाडी सामान्यतः एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. लेपात विद्युत्‌भार साठविणारे द्रव्य (उदाहरणार्थ ऋण अग्रात ग्राफाइट), वीजवाहक काजळी आणि या सर्वांना एकत्र बांधून ठेवणारे बंधक द्रव्य असते. हे मिश्रण पातळ करून पत्र्यावर पसरतात, वाळवितात आणि रोलरांमधून दाबून काढतात.

लेप पत्र्याला किती घट्ट चिकटला आहे, यावर बॅटरीचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते. भारण व विभारण होताना लेपातील द्रव्य फुगते आणि आकसते. चिकटपणा, म्हणजेच आसंजन, कमी पडले तर लेप पत्र्यापासून सुटू लागतो. सुटलेल्या भागाला वीज पोहोचत नाही आणि तो भाग निकामी होतो. शाडूच्या मूर्तीवरील रंग पोपडे होऊन निघाला तरी मूर्ती मूर्तीच राहते. विद्युत् अग्राचा लेप निघाला की अग्रच उरत नाही. यासाठी आसंजन मोजणे आवश्यक ठरते.

मोजण्याची रूढ रीत पुढीलप्रमाणे आहे. एका ताठ पोलादी पट्टीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी फीत लावतात. विद्युत् अग्राचा तुकडा लेपाची बाजू खाली करून त्या फितीवर ठेवतात आणि वरून रोलर फिरवून दाबतात. नंतर धातूच्या पत्र्याचे मोकळे टोक १८० अंशांत मागे दुमडून यंत्राने ठरावीक वेगाने ओढतात. पत्रा सोलला जातो, लेप फितीवर राहतो आणि सोलण्यास लागलेले बल यंत्र नोंदविते. त्या बलाला नमुन्याच्या रुंदीने भागले की आसंजनाचे माप मिळते. समजा, नमुना २५ मिलिमीटर रुंद आहे आणि बल अर्धा न्यूटन भरले, तर माप मीटरमागे २० न्यूटन होते.

आता अडचण कोठे येते ते पाहू. तुकडा हाताने कापताना रुंदी २५ ऐवजी २४ मिलिमीटर झाली, आणि भागाकार मात्र २५ नेच केला, तर उत्तर शेकडा ४ ने चुकले. पाते बोथट असले तर कडेला कंगोरा उठतो व तेथला लेप आधीच सैल होतो. पत्रा ठेवताना खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागी फीत लेपाला धरतच नाही. रोलर एकाने जोरात, दुसऱ्याने हळू दाबला तर एकाच अग्राची दोन उत्तरे येतात. अशा वेळी मोजले जाते ते लेपाचे आसंजन नव्हे, तर नमुना करणाऱ्याच्या हाताचे वळण. हाताचा हा भाग काढून टाकणारे साधन हवे, ही गरज अशी उत्पन्न होते.

३. डोलवीचा संदर्भ

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील डोलवी या गावाचे नाव पोलादाशी निगडित आहे, बॅटरीशी नव्हे. अंबा नदीच्या व धरमतर खाडीच्या काठचा तेथील पोलाद कारखाना पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा होता. २०१० साली तो जेएसडब्ल्यू स्टीलने घेतला. तरीही प्रस्तुत विषयाला हे स्थळ उपकारक आहे, आणि त्याचे कारण एकस्वाच्या परीक्षेतच दडलेले आहे.

पोलादाच्या कारखान्यात पत्र्याच्या गुंडाळीतून नमुना कापणे, त्याची रुंदी तंतोतंत राखणे, कडा साफ करणे आणि मग त्याला ताण देऊन तपासणे हे नित्याचे काम असते. ओढून तपासण्याच्या या चाचणीसाठी आयएस १६०८ हे भारतीय मानक आहे. नमुना वाईट कापला तर चाचणी पत्र्याची न होता कापणीची होते, ही गोष्ट तेथील तंत्रज्ञाला निराळी शिकवावी लागत नाही. असा एखादा तंत्रज्ञ विद्युत् अग्राच्या नमुन्याकडे वळला, तर त्याला वाटेल: हाही पत्राच आहे, फक्त पोलादी पत्रा काही मिलिमीटर जाडीचा आणि हा शंभर पटींनी पातळ, शिवाय लेप असलेला. आपल्या अनुभवातून त्याने एखादे साधन रचले, तर परीक्षकापुढे नेमका प्रश्न उभा राहतो. एका क्षेत्रात माहीत असलेली युक्ती दुसऱ्या क्षेत्रात आणणे हा शोध आहे काय?

या प्रश्नाचा विचार करता यावा म्हणून पुढील विवेचनात डोलवी परिसरातील अशा एका अर्जदाराची कल्पना केली आहे. अर्जदार, त्याचे साधन आणि त्याच्या दाव्याची वाक्ये ही केवळ विवेचनासाठी रचलेली आहेत. ती कोणत्याही प्रत्यक्ष अर्जातून घेतलेली नाहीत. कायद्याची कलमे व नियम मात्र प्रत्यक्षातील आहेत.

४. परीक्षेची रीत

भारतात शोधकाला अनन्य अधिकार देणारा पहिला कायदा १८५६ सालचा. त्याखाली कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी ३ मार्च १८५६ रोजी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी अर्ज केला. पुढे १९११ चा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा एकस्व अधिनियम तयार झाला आणि तो २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १९९९, २००२ व २००५ साली त्यात मोठे फेरफार झाले. आजची परीक्षा या अधिनियमाखाली होते.

महाराष्ट्रातील अर्जदाराचा अर्ज मुंबईच्या एकस्व कार्यालयाकडे जातो. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षा आपोआप होत नाही. ती व्हावी अशी विनंती वेगळी करावी लागते. या विनंतीची मुदत पूर्वी ४८ महिन्यांची होती. मार्च २०२४ च्या नियमदुरुस्तीने नव्या अर्जांसाठी ती ३१ महिन्यांवर आणण्यात आली. विनंती न केल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. विनंतीनंतर परीक्षक जगभरातील पूर्वज्ञान धुंडाळतो आणि आपले आक्षेप पहिल्या परीक्षा-अहवालाद्वारे अर्जदाराला कळवितो. त्यांचे निरसन करून अर्ज नियमात बसविण्यास ६ महिने मिळतात. ही मुदत आणखी ३ महिन्यांनी वाढवून घेता येते.

परीक्षकाचे मुख्य प्रश्न थोडक्यात असे. शोध नवा आहे काय? त्यात शोधाची पायरी आहे काय, म्हणजे पूर्वज्ञानाच्या तुलनेने तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असून त्या कलेत निष्णात असलेल्या मनुष्याला तो सहज सुचण्यासारखा नाही ना? तो उद्योगात वापरता येण्याजोगा आहे काय? कलम ३ मध्ये वगळलेल्या गोष्टींपैकी तो नाही ना? वर्णन पुरेसे आहे काय? आणि दावा स्पष्ट, मोजक्या शब्दांत व वर्णनाच्या आधारावर उभा आहे काय? शेवटचा प्रश्न उघडच भाषेचा आहे; परंतु बारकाईने पाहिल्यास आधीचे प्रश्नही दाव्याच्या वाक्यालाच विचारले जातात, असे दिसून येते.

५. दाव्याचे व्याकरण

अर्जदाराने प्रथम पुढील दावा लिहिला अशी कल्पना करू:

‘बॅटरीच्या विद्युत् अग्राच्या आसंजन-चाचणीसाठी नमुना तयार करण्याचे साधन, ज्यात एक बैठक, सदर बैठकीवर बसविलेले एक कापण्याचे पाते आणि सदर बैठकीवर फिरणारा एक रोलर यांचा समावेश आहे.’

रूढीप्रमाणे दावा हा कितीही लांबला तरी एकच वाक्य असतो. व्याकरणदृष्ट्या तर ते पूर्ण वाक्यही नाही. ‘साधन’ हे एक नाम आणि त्याला जोडलेली विशेषणे, एवढीच त्याची रचना आहे. या रचनेत तीन भाग दिसतात: वस्तूचे नाव सांगणारा आरंभ, घटकांकडे नेणारा जोड, आणि घटकांची यादी. तिन्ही भागांत मराठीची काही वैशिष्ट्ये कामी येतात.

पहिले वैशिष्ट्य जोडाचे. ‘यांचा समावेश आहे’ असे म्हटले, तर या तीन घटकांखेरीज चौथा घटक असलेले साधनही दाव्यात येते. ‘यांचेच बनलेले आहे’ असे म्हटले, तर चौथा घटक जोडताच साधन दाव्याबाहेर पडते. इंग्रजीत यासाठी दोन निरनिराळी क्रियापदे रूढ आहेत. मराठीत तोच भेद ‘च’ या एका अक्षराने होतो. बोलताना हा ‘च’ आपण जोर देण्यासाठी सहज पेरतो. दाव्यात तो चुकून पडला तर प्रतिस्पर्ध्याने एक खिळा जास्त ठोकावा आणि हक्काच्या हद्दीबाहेर निघून जावे, अशी अवस्था होते.

दुसरे वैशिष्ट्य निश्चितपणाचे. मराठीला इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. ‘पाते’ म्हटल्यावर ते आधी सांगितलेले की नवे, हे संदर्भाने समजावे लागते. दाव्यात संदर्भावर विसंबता येत नाही. म्हणून घटक प्रथम येताना ‘एक’ आणि पुन्हा येताना ‘सदर’ अशी जोडी वापरावी लागते. हे साधन मराठीला परके नाही. जुन्या मोडी दस्तऐवजांतील ‘सदरहू’ आणि ‘मजकूर’ ही रूपे नेमके हेच कार्य करीत असत. आजच्या वाचकाला कचेरीतले व रुक्ष वाटणारे हे शब्द म्हणजे वस्तुतः भाषेने स्वतःसाठी घडविलेली निश्चिततेची खूण आहे.

तिसरे वैशिष्ट्य हेतू व क्रिया यांतील भेदाचे. ‘कापण्याचे पाते’ हे कापण्याजोगे असले की पुरते; ‘कापणारे पाते’ म्हटले की ते प्रत्यक्ष कापत असल्याची अपेक्षा निर्माण होते. त्याचप्रमाणे ‘आसंजन-चाचणीसाठी’ हे आरंभीचे शब्द केवळ हेतू सांगतात. दुसऱ्याच हेतूने बनविलेले परंतु तेच घटक असलेले आणि या कामाला योग्य असे जुने साधन सापडले, तर केवळ हेतू निराळा असल्याने नावीन्य सिद्ध होत नाही, हे सर्वसाधारण तत्त्व आहे. डोलवीच्या अर्जदाराला हेच तत्त्व प्रथम अडविते.

चौथे वैशिष्ट्य लिंगाचे. दाव्यात ‘पात्यांच्या मागे बसविलेला, वर-खाली हलणारा रोलर’ असे शब्द आले, तर हलतो तो रोलर, पाती नव्हेत, यात शंका उरत नाही. कारण पाती हलत असती तर ‘हलणारी’ असे रूप आले असते. इंग्रजीत विशेषणाला लिंगवचन नसल्यामुळे असा निर्णय शब्दक्रम आणि विरामचिन्हे यांवरून करावा लागतो. मराठी वाक्य इंग्रजीत जाताना ही पहारेदारी सुटते. भाषांतरकाराने ती जागा दुसऱ्या उपायाने भरली नाही, तर मूळ वाक्यात नसलेली संदिग्धता भाषांतरात शिरते.

६. लक्षणाचे तीन दोष

दावा हे एका अर्थाने शोधाचे लक्षण आहे. लक्षणाचे दोष कोणते, याचा विचार आपल्याकडील न्यायशास्त्राने फार पूर्वी केला. अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव हे ते तीन दोष. तर्कशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते गाईच्या उदाहरणाने शिकविले जातात. ‘जिला शिंगे आहेत ती गाय’ असे म्हटले तर म्हैसही गाय ठरते, ही अतिव्याप्ती. ‘जी कपिल वर्णाची ती गाय’ असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. ‘जिचा खूर अखंड आहे ती गाय’ असे म्हटले तर एकही गाय त्यात बसत नाही, हा असंभव. एकस्वाच्या परीक्षेतील बहुतेक आक्षेप या तीन सदरांखाली मांडता येतात.

वर दिलेला पहिला दावा उघडच अतिव्याप्त आहे. बैठक, पाते आणि रोलर एवढेच म्हटल्यावर चिकटपट्ट्यांच्या धंद्यातील जुनी साधनेही त्यात येतात. दोन समांतर पात्यांनी ठरावीक रुंदीची पट्टी कापणे आणि ठरावीक वजनाचा, सामान्यतः २ किलोग्रॅमचा, रोलर फिरवून फीत दाबणे, या दोन्ही गोष्टी त्या धंद्यात जुन्या आहेत. एकाच जुन्या साधनात सर्व घटक एकत्र सापडले तर नावीन्य गेले. दोन निरनिराळ्या साधनांत सापडले तर परीक्षक विचारील: निष्णात मनुष्याने ही दोन शेजारी ठेवली नसती काय?

येथे कलम ३ चा ‘फ’ हा खंड विशेष महत्त्वाचा ठरतो. माहीत असलेली साधने, प्रत्येक साधन आपापले काम माहीत असलेल्या रीतीने स्वतंत्रपणे करीत असताना, केवळ शेजारी मांडणे, त्यांची फेरमांडणी करणे किंवा त्यांची संख्या वाढविणे हा शोध नव्हे, असे हा खंड सांगतो. पाते कापते, रोलर दाबतो. दोघे एका बैठकीवर आले म्हणून त्यांच्यात नाते निर्माण झाले असे नाही. एका ताटात वाढलेले दोन पदार्थ म्हणजे नवा पदार्थ नव्हे.

या मुद्द्यावर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर १९७८ चा निर्णय आधारभूत मानला जातो. तो ‘विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यातून हा वाद उद्भवला. थाळीसारखी उथळ भांडी चरकावर फिरवून घासताना ती पक्की धरून ठेवण्याच्या साधनाला १९५१ सालचे एकस्व मिळाले होते. जुन्या रीतीत भांडे एका बाजूनेच, लेपाने चिकटवून किंवा जबड्यात पकडून, धरले जाई. ते निसटण्याचा धोका असे. नव्या साधनात समोरच्या बाजूने दाब देणाऱ्या फिरत्या दांड्याची योजना होती. साधन उपयुक्त होते, याबद्दल फारसा वाद नव्हता. परंतु समोरून आधार देण्याची योजना चरकाच्या कामात आधीपासून माहीत होती. एकस्वाला पात्र होण्यासाठी सुधारणा ही कारखान्यात नित्य होणाऱ्या सुधारणेहून काही अधिक असली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले आणि ते एकस्व अवैध ठरविले. या निर्णयातून दोन गोष्टी ध्यानी येतात. उपयुक्तता म्हणजे शोधकता नव्हे, ही एक. परीक्षेतून उत्तीर्ण झालेले एकस्वही पुढे न्यायालयात पडू शकते, ही दुसरी. कलम १३ च्या चौथ्या उपकलमात परीक्षेमुळे वैधतेची हमी मिळत नाही असे स्पष्टच म्हटले आहे.

चीन, जर्मनी यांसारख्या काही देशांत लहान यांत्रिक सुधारणांसाठी ‘उपयुक्तता-प्रतिमान’ नावाचा कमी मुदतीचा वेगळा अधिकार असतो. भारतात तशी तरतूद नाही. म्हणून छोट्या साधनालाही येथे मोठ्या शोधाच्याच उंबरठ्यावरून आत यावे लागते.

७. दुरुस्त केलेला दावा

आता अर्जदाराच्या साधनात खरोखर काय नवे आहे, याचा शोध घ्यावा लागतो. समजा, वर्णनात त्याने असे लिहिले आहे: पाती व रोलर एकाच सरकत्या गाडीवर आहेत; पाती पुढे धावून अग्राच्या दोन्ही कडा कापतात आणि त्यांच्या लगेच मागून येणारा, पात्यांमधील अंतराएवढ्याच रुंदीचा रोलर ती पट्टी कुरळी होण्यापूर्वीच फितीवर दाबतो; रोलर उभ्या दिशेने मोकळा असल्यामुळे हाताने गाडी कितीही जोराने दाबली तरी पट्टीवर पडतो तो फक्त रोलरचा स्वतःचा भार. आता पाते आणि रोलर यांच्यात नाते आले. पात्यांनी ठरविलेली रुंदी रोलर पाळतो आणि पात्यांनी उत्पन्न केलेला कडेचा दोष रोलर तत्काळ निवारतो. याप्रमाणे दावा असा होईल:

‘बॅटरीच्या विद्युत् अग्राच्या आसंजन-चाचणीसाठी नमुना तयार करण्याचे साधन, ज्यात एक बैठक, चाचणीची पोलादी पट्टी बसविण्यासाठी सदर बैठकीत ठेवलेला एक गाळा, सदर गाळ्याच्या लांबीच्या दिशेने सदर बैठकीवर सरकणारी एक गाडी, सदर पोलादी पट्टीच्या दोन कडांलगत धावतील अशा रीतीने सदर गाडीवर परस्परांना समांतर बसविलेली दोन पाती, आणि सदर पात्यांच्या मागे सदर गाडीवर बसविलेला, सदर पात्यांमधील अंतराएवढ्या रुंदीचा एक रोलर यांचा समावेश असून, गाडीवर दिलेला दाब सदर रोलरवर न येता केवळ त्याचा स्वतःचा भार नमुन्यावर पडावा अशा रीतीने सदर रोलर उभ्या दिशेने मोकळा ठेवलेला आहे.’

वाक्य लांबले आणि हक्क आखूड झाला. शब्दाचा गुणार्थ वाढला की त्याची व्याप्ती घटते, हा अर्थविचारातील जुना सिद्धांत येथे मालमत्तेच्या रूपाने प्रकट होतो. ज्याच्या साधनात रोलर वेगळ्या गाडीवर आहे, तो आता या दाव्यात येत नाही. दुरुस्ती करताना अर्जदाराने ‘२५ मिलिमीटर रुंदीचा रोलर’ असे म्हटले असते, तर २० मिलिमीटरचा नमुना करणारा अनुकरण करूनही सुटला असता. ती अव्याप्ती झाली असती. ‘पात्यांमधील अंतराएवढ्या’ हे सापेक्ष शब्द त्या दोषापासून वाचवितात. उलट ‘योग्य भाराचा’, ‘पुरेसा मऊ’, ‘साधारणतः समांतर’ असे शब्द घातले, तर हद्द कोठे संपते ते कळत नाही, असा स्पष्टतेचा आक्षेप येऊ शकतो. आणि दाव्यात लिहिलेली गोष्ट वर्णनानुसार करताच येत नसेल, तर तो असंभव ठरतो.

तरीही हा दावा मंजूर होईलच असे नाही. पोलादाच्या नमुन्याचे काम जाणणाऱ्याला ही रचना सहज सुचली असती काय, हा प्रश्न परीक्षक विचारूच शकतो. त्याला उत्तर देताना पातळ पत्र्याची विशिष्ट अडचण पुढे मांडावी लागेल: काही मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापल्यावर कुरळा होत नाही, त्याला फितीवर दाबावे लागत नाही, म्हणून त्या क्षेत्रातील मनुष्याला कापणे व दाबणे एका ओघात करण्याचे कारणच पडत नाही. हातांनी केलेल्या आणि साधनाने केलेल्या नमुन्यांची मापे वर्णनात शेजारी दिलेली असतील, तर या उत्तराला आधार मिळतो.

८. पहिल्या लेखनाचे महत्त्व

येथे या विषयातील खरी कसोटी येते. रोलर उभ्या दिशेने मोकळा आहे, हे मूळ वर्णनात लिहिलेलेच नसते तर काय झाले असते? कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती ही हक्क सोडून देण्याची, चूक सुधारण्याची किंवा स्पष्टीकरणाची असावी लागते. मूळ लेखात जे मुळी उघड केलेले वा सूचित केलेले नाही ते नंतर घालता येत नाही, आणि दावा मूळ दाव्याच्या हद्दीबाहेर वाढविता येत नाही. साधनात तो मोकळेपणा असूनही, केवळ कागदावर नसल्यामुळे अर्जदार त्याचा आधार घेऊ शकला नसता. मिर्झापूरच्या साधनाप्रमाणे त्याचेही साधन उपयुक्त, पण ‘नित्याची सुधारणा’ म्हणून बाजूला पडले असते.

आता हे पहिले लेखन कोणत्या भाषेत होते? एकस्व नियमांतील नववा नियम असा की, शपथपत्रे व आकृत्या वगळता कार्यालयाकडे द्यावयाचे कागद हिंदी किंवा इंग्रजीत असावेत. मराठीत अर्ज देता येत नाही. मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनी अक्षरांचे खिळे ओतणाऱ्या यंत्रासाठी परदेशांत एकस्वे मिळविली, तीही इंग्रजी वाक्यांच्या बळावर. परंतु आपल्या कारखान्यात साधन घडविणारा मनुष्य बहुधा मराठीतच बोलतो. ‘रोलर जरा ढिला सोडलाय’ हे त्याचे वाक्य असते. या ‘ढिला’ शब्दात सबंध शोध सामावलेला असू शकतो. इंग्रजीत मसुदा करणाऱ्याने तो ‘सैल बसविलेला’ असा दोषवाचक समजून गाळला किंवा ‘हलता’ एवढ्यावर सोडून दिला, तर शोधाचा गाभाच हरवला. ढिला म्हणजे कोणत्या दिशेने, किती आणि कशासाठी, हे विचारणारा कोणी मध्ये असावा लागतो.

यावर उपाय अवघड नाही. मसुदा इंग्रजीत होण्यापूर्वी साधनाचे एक पूर्ण मराठी वर्णन, आकृत्या व मापांसह, घडविणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. प्रत्येक घटकाला एकच नाव द्यावे व ते शेवटपर्यंत बदलू नये. प्रत्येक ‘ढिला’, ‘घट्ट’, ‘जरा’ या शब्दाला दिशा आणि माप जोडावे. ललित लेखनात एकाच वस्तूला पर्यायी शब्द योजणे हा गुण आहे. येथे तो दोष होतो, कारण दुसरे नाव म्हणजे दुसरी वस्तू, असा वाचकाचा ग्रह होतो. कायद्याने अर्जदाराला सवडही दिली आहे. प्रथम तात्पुरते विनिर्देशन दाखल करून त्यानंतर १२ महिन्यांच्या आत पूर्ण विनिर्देशन देता येते.

विद्यापीठातील वाचकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे. शोध अर्जापूर्वी छापून प्रसिद्ध केला तर सामान्यतः त्याचे नावीन्य संपते. कलम ३१ विद्वत्सभेपुढे वाचलेल्या अथवा तिच्या वृत्तांतात शोधकाच्या संमतीने छापलेल्या निबंधाला १२ महिन्यांची सूट देते. परंतु ही सूट मर्यादित आहे आणि ती सर्व नियतकालिकांना लागू होत नाही. परदेशांत तर प्रत्येक देशाचा नियम निराळा. म्हणून आधी अर्ज, मग निबंध, हा क्रम सुरक्षित होय.

९. समारोप

एकस्वाची परीक्षा यंत्र आणि वाक्य यांच्यातील अंतर मोजते. यंत्रात असलेली परंतु वाक्यात न आलेली गोष्ट परीक्षकाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. वाक्यात असलेली पण यंत्राने न दिलेली गोष्ट दावा खोटा पाडते. अव्याप्ती आणि अतिव्याप्ती यांच्या मधून वाट काढणारे लक्षण रचणे ही नैयायिकांची विद्या आज कारखान्याच्या दारापर्यंत आली आहे. मराठीपाशी त्यासाठी लागणारी साधने, ‘च’, ‘सदर’, ‘-णारा’ आणि लिंगवचनाचा अन्वय, सिद्ध आहेत. अर्ज हिंदीत वा इंग्रजीत जावा लागतो हे खरे. तथापि शोध प्रथम ज्या भाषेत सुचतो आणि सांगितला जातो त्या भाषेत तो नेमका लिहिला गेला, तरच तो दुसऱ्या भाषेत नेमका पोहोचेल. भाषेच्या विद्यार्थ्यांना दाव्याचे वाक्य वाचण्यास व रचण्यास शिकविणे, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आपले साधन मराठीत नि:संदिग्धपणे वर्णन करण्यास लावणे, ही दोन कामे एकाच अभ्यासक्रमात शेजारी बसू शकतील. तशी ती बसली तर ती नुसती शेजारी मांडलेली राहणार नाहीत. एकीचे काम दुसरीमुळे अधिक चांगले होईल.